वीस खुर्च्यांची सुनावणी

"साहेब, तुम्हाला ताप आला तर तुम्ही आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात जाल का?"

प्रश्न तसा साधाच होता. पण तो शाळेच्या बक्षीस समारंभात, माईकवरून आणि खुद्द प्रमुख पाहुण्यांना, म्हणजे आमदारसाहेबांनाच विचारला गेला. त्यामुळे सभागृहात अशी शांतता पसरली की मागच्या रांगेत कुणीतरी चोरून उघडलेला बिस्किटाचा पुडा थेट स्टेजपर्यंत ऐकू आला. त्यात कहर म्हणजे, विचारणाऱ्या मुलीच्या हातात त्या क्षणी जे बक्षीस होतं, ते होतं 'वर्षातली सर्वांत शांत विद्यार्थिनी' म्हणून मिळालेलं.

या मुलीला वर्गात सगळे कुकर म्हणायचे. आठवीपर्यंत ती इतकी गप्प होती की हजेरीला तिच्या नावापुढे "हजर" म्हणायचं कामसुद्धा शेजारची मुलगी करायची. नववीत काय झालं कोण जाणे, आत साठलेली वाफ बाहेर पडायला लागली. पहिली शिट्टी झाली विज्ञानाच्या तासाला, कारण सरांनी फळ्यावर हृदय उलटं काढलं होतं. दुसरी झाली कॅन्टीनमध्ये. तिसरी ही. आता शाळेची बक्षिसं गेल्या वर्षीच्या वागणुकीवर ठरतात, त्याला ती बिचारी काय करणार?

"विचारून दाखव" असं आव्हान दिलं होतं तिच्या दोन मैत्रिणींनी. एक बुलेटिन, हिला कुठलीही बातमी घडण्याच्या आधी कळते. दुसरी चिमणी. चिमणीला दमा आहे. गेल्या महिन्यात खेळाच्या तासाला तिचा श्वास अडकला, तेव्हा कुकर आणि बुलेटिनने तिला दोन्ही बाजूंनी धरून शाळेमागच्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांची खुर्ची रिकामी. सिस्टर एकटीच. तिने औषधाची वाफ दिली म्हणून निभावलं. आणि आता बुलेटिनने बातमी आणली होती की राज्याचं नवं आरोग्य धोरण येतंय, त्यात ज्या छोट्या दवाखान्यांत पेशंट कमी ते बंद करून मोठ्या रुग्णालयाला जोडणार, आणि त्या यादीत आपला दवाखाना पहिल्या पानावर आहे. मोठं रुग्णालय दोन बस बदलून येतं. चिमणी हसत म्हणाली होती, "पहिल्या बसपर्यंत पुरेल गं माझा श्वास. दुसरीचं बघू." या वाक्यावर कुकरला हसू आलं नव्हतं.

असो. आमदारसाहेब मुरलेले होते. ते क्षणभरच गडबडले.

"वा! असेच जागरूक नागरिक आपल्याला हवेत!" ते म्हणाले. "बाळ, पुढच्या आठवड्यात विधानसभेची आमची आरोग्य समिती या धोरणावर जनसुनावणी घेतेय. तिथे ये आणि हाच प्रश्न विचार!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. त्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही की साहेबांनी उत्तर दिलेलंच नाही. कुकरच्याही नाही. तिच्या ते लक्षात आलं घरी, हात धुताना, आणि मग तिने साबण इतका घासला की आईने विचारलं, "कुणाचा गळा आहे तो?"

आता एक अडचण होती, आणि ती रोज संध्याकाळी डबा घेऊन घरी यायची. कुकरचे बाबा आरोग्य खात्यात हेडक्लार्क होते. इतकंच नाही, तर त्या सुनावणीची सगळी व्यवस्था त्यांच्याच गळ्यात पडली होती. टेबलं, माईक, पाण्याच्या बाटल्या, पुष्पगुच्छ आणि वीस खुर्च्या. वीसच का, तर गेल्या सुनावणीला पाच माणसं आली होती आणि त्यातली दोघं पंख्याखाली बसायला.

"दुसरा प्रश्न सुचला नाही तुला?" बाबा बूट न काढताच सुरू झाले. "क्रीडांगण आहे, ग्रंथालय आहे, मुलींनी विचारावेत असे किती प्रश्न पडलेत! आमच्या खात्याच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, 'ती तुमचीच का हो?' काय सांगू मी?"

"हो म्हणून सांगायचं," कुकर म्हणाली. "खरंच आहे ना ते?"

"ते म्हणाले, 'आधी घर सांभाळा.' बावीस वर्षांत मला कुणी असं बोललं नव्हतं!"

"बाबा, खात्याचा पगार तुम्ही घेता. मी नाही घेत. मला ते कसे गप्प करतील?"

बाबांनी मदतीसाठी आईकडे पाहिलं. आई घरी गणिताच्या शिकवण्या घ्यायची आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीला मार्क द्यायची. तपासत असलेल्या वहीतून मान न उचलता ती म्हणाली, "मुद्दा बरोबर. मांडणी उद्धट. दहापैकी सहा."

"तू पण!" बाबा म्हणाले, आणि एकदाचे बूट काढायला बसले.

बुलेटिनच्या कृपेने दुसऱ्या दिवशीपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं की आपल्याकडची मुलगी विधानसभेत बोलणार आहे. विधानसभेत नाही, समितीपुढे, हे कुकर जिन्यात उभी राहून सांगत होती, पण बातमी आणि दूध एकदा उतू गेलं की भांड्यात परत जात नाही. प्रत्येकाला मिळणार होती तीनच मिनिटं. त्या तीन मिनिटांत स्वतःचं काहीतरी बसवायला अख्खी इमारत लागली.

तळमजल्याचे वकीलकाका आले. त्यांचं सगळं आयुष्य भाड्याचे करार लिहिण्यात गेलं होतं. "सुरुवात 'मी खाली सही करणारी' अशी कर," ते म्हणाले.

"काका, मी बोलणार आहे. सही नाही करणार."

"तरी म्हण. वजन येतं."

समोरच्या गुडघेमावशी आल्या. त्यांना खरं नाव आहे, पण त्या गुडघ्यांखेरीज कशाबद्दलच बोलत नसल्यामुळे ते मागे पडलं. "माझे गुडघे घाल बाई त्यात. डावा आधी घाल, तो जास्त दुखतो."

आणि सोसायटीचे सेक्रेटरी आले ते लिफ्ट घेऊन. म्हणजे लिफ्टची तक्रार घेऊन. लिफ्ट चालत असती तर ते आलेच नसते. "हे बघ, लिफ्ट बंद, म्हणून लोक जिने चढतात. जिने चढून गुडघे जातात. गुडघे गेले म्हणजे आरोग्य. विषय तोच!" त्यांना स्वतःच्या तर्कशास्त्राचं इतकं कौतुक वाटलं की ते आणखी थोडा वेळ थांबले.

तीन मिनिटांचं भाषण दोन दिवसांत एवढं फुगलं, की आईने घड्याळ लावून वाचून घेतलं तेव्हा समितीला मध्ये जेवायची सुट्टी द्यावी लागेल असं निघालं. "आता तुझा प्रश्न यात कुठे आहे?" आईने विचारलं. कुकरने शोधला. लिफ्टच्या आणि डाव्या गुडघ्याच्या मध्ये तो गुदमरून पडला होता.

सुनावणीसाठी नाव नोंदवायला तिघी मैत्रिणी समितीच्या कचेरीत गेल्या. खिडकीतला माणूस शिक्का मारण्यासाठी शिक्क्यावर फुंकर घालत होता, आणि फुंकर घालून तो परत ठेवत होता.

"लहान मुलांना बोलता येत नाही," तो म्हणाला.

"असं कुठे लिहिलंय?"

त्याने खरंच नियम काढून पाहिले. पुढून पाहिले, मागून पाहिले. "लिहिलेलं नाही," तो नाराज होऊन म्हणाला. "कुणी आलंच नव्हतं आजवर. बरं, तब्येत चांगली असल्याचा दाखला लागेल. मागच्या वेळी एक आजोबा बोलता बोलता चक्कर येऊन पडले. तेव्हापासून दाखल्याशिवाय आत सोडत नाहीत."

"चालेल. कुणाकडून आणू?"

"तुमच्या भागातल्या सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरकडून."

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. कुकरने एक मोठा श्वास घेतला. "काका, आमच्या दवाखान्यात डॉक्टर नसतात. तेच तर सांगायला मी येणार आहे."

त्या माणसाने क्षणभर विचार केला. गंभीरपणे केला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. मग म्हणाला, "मग असं करा. डॉक्टर नसतात, असं त्या डॉक्टरांकडून लिहून आणा."

बुलेटिनला बाहेर पायरीवर बसवून पाणी पाजावं लागलं, इतकी ती हसत होती. कुकर हसत नव्हती. तिच्या कानशिलातून शिट्टी यायच्या बेतात होती.

दवाखाना शाळेच्या मागेच आहे. दोन खोल्या. एक बाक, एक वजनकाटा (तो कुणालाही चार किलोने कमी दाखवतो, त्यामुळे गल्लीतल्या बायकांचा लाडका), एक वाफेचं मशीन, आणि डॉक्टरांची खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल, नीट चौकोनी घडी घालून. टॉवेल रोज बदलला जायचा. डॉक्टर नव्हते, पण त्यांची पाठ टेकेल या आशेवर टॉवेल मात्र ताजा होता.

"साहेब ड्युटीवर गेलेत," सिस्टर म्हणाली. "वरून आदेश आलाय."

"कुठे गेलेत?"

"ते मला कुठे सांगतात? मला फक्त टॉवेल बदलायला सांगतात." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "लोक दारातून डोकावतात, खुर्ची रिकामी बघून परत जातात. महिन्याअखेरीला वरून विचारणा होते, पेशंट इतके कमी का? मी काय लिहू? टॉवेल पाहिला नाही त्यांनी?"

तिघी चार दिवस रोज शाळा सुटल्यावर गेल्या. चारही दिवस टॉवेल बदललेला होता.

सुनावणी दोन दिवसांवर आली तेव्हा सेक्रेटरींनी जाहीर केलं की मुलीची रंगीत तालीम घेतलीच पाहिजे, नाहीतर ती तिथे घाबरेल. खाली पार्किंगमध्ये खोटी समिती बसवायची. अध्यक्ष अर्थात सेक्रेटरी. सदस्य वकीलकाका आणि गुडघेमावशी. पत्रकार म्हणून चिमणी पुढच्या खुर्चीत, वही-पेन घेऊन. बुलेटिन शिपाई झाली, कारण शिपायाला सगळीकडे फिरता येतं.

आणि मग एक नवल घडलं. खुर्चीत बसण्याआधी ही माणसं शेजारीपाजारी होती. खुर्चीत बसल्याबरोबर ती समिती झाली.

"पुढचा!" सेक्रेटरी ओरडले. आवाजच बदलला होता त्यांचा.

"पुढचा कुणी नाही, काका. मी एकटीच आहे."

"आपला मुद्दा थोडक्यात मांडा, मॅडम." ज्या माणसाने तिला पाळण्यात पाहिलं होतं, तो तिला मॅडम म्हणाला.

तिने सुरुवात केली. एक वाक्य झालं नाही तोच वकीलकाका म्हणाले, "हा विषय या समितीच्या कक्षेत येतो का, ते आधी बघायला हवं." मावशी म्हणाल्या, "माझ्या कक्षेत येतो. गुडघे आलेत ना त्यात?" त्यावर दोघांचं जुंपलं. तेवढ्यात चहा आला आणि समिती तहकूब झाली. चहानंतर जिन्यात झोपणाऱ्या कुत्र्याचा विषय निघाला आणि त्यावर उपसमिती नेमायचं एकमताने ठरलं.

"अहो काका, मी साक्ष देतेय!"

"साक्षीदाराने आवाज चढवू नये," अध्यक्ष म्हणाले. "आणि या टेबलाला जरा शोभा पाहिजे. अशा उघड्या टेबलावर निर्णय होत नसतात." ते उठले, स्टोअररूममधून सोसायटीचं जुनं हिरवं कापड घेऊन आले आणि समितीच्या इभ्रतीला साजेसं, दोन्ही हातांनी, जोरात झटकलं.

वर्षानुवर्षांची धूळ पार्किंगभर पसरली. सगळे खोकले. मग सगळ्यांचा खोकला थांबला आणि एकीचा थांबला नाही.

चिमणीच्या हातातून वही पडली होती. ती दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसली होती आणि श्वास आत घ्यायचा प्रयत्न करताना तिच्या छातीतून बारीक, लांब आवाज येत होता, दाराची फट वाऱ्यात वाजते तसा. कुकरने तो आवाज आधी ऐकला होता. तिने कुणाची परवानगी मागितली नाही. "उचला तिला," ती म्हणाली, आणि समितीने, अध्यक्षांसकट, मुकाट्याने उचललं.

दवाखान्यात सिस्टर कुलूप लावायच्या बेतात होती. तिने कुलूप खाली टाकलं आणि मशीन सुरू केलं. मास्क लावल्यावर चिमणी डोळे मिटून बसून राहिली. बाकी सगळे भिंतीला टेकून उभे. मशीन घरघरत होतं. गुडघेमावशींना उभं राहवेना. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, आणि सरळ जाऊन डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्या. ताज्या टॉवेलला पहिल्यांदाच कुणाची तरी पाठ लागली.

बऱ्याच वेळाने चिमणीचा श्वास सुटला. सिस्टरने कपाळ पुसलं. "सुटला म्हणून बरं," ती म्हणाली. "नसता सुटला तर पुढचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय मला देता येत नाही. आणि विचारू कुणाला? या खुर्चीला?"

सेक्रेटरी हिरवं कापड अजून काखेत धरून उभे होते. त्यांनी ते हळूच पाठीमागे लपवलं.

मावशी खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच गुडघ्यांखेरीज काही विचारलं: "पण मी म्हणते, मुळात हा डॉक्टर आहे कुठे?"

हाच प्रश्न कुकर जेवायला बसली तेव्हा तिच्या डोक्यात होता. समोर बाबा वैतागलेले. "सगळं झालं एकदाचं. माईक झाला, बाटल्या झाल्या, फुलं झाली, खुर्च्या वीस सांगितल्या. आणि दारावरचे डॉक्टर तर आठवडाभर तिथेच आहेत, दाखले तपासायला."

कुकरचा घास हातातच राहिला. "कुठले डॉक्टर?"

बाबांनी ताटाकडे पाहिलं. भाजीकडे पाहिलं. ताटात पाहण्यासारखं आणखी काही उरलं नाही तेव्हा म्हणाले, "तुमच्याच दवाखान्यातले."

"आमचे डॉक्टर? सुनावणीच्या दारावर? आठवडाभर? तिथे माणसं तरी येतात का रोज?"

"नाही. म्हणजे सुनावणी परवा आहे. पण तयारी नको? आमचे साहेब म्हणाले, जिथे पेशंट कमी आहेत तिथला डॉक्टर घ्या, म्हणजे कुणाची गैरसोय नको. याआधीही असंच घेत आलोय. कधी शिबिर, कधी परिषद. मीच काढतो आदेश."

"पेशंट कमी आहेत म्हणून डॉक्टर नेला," आई सावकाश म्हणाली, "आणि डॉक्टर नेला म्हणून पेशंट कमी. हे गणित नाही. हे वर्तुळ आहे."

"आणि त्या वर्तुळात आज चिमणी अडकली होती," कुकर म्हणाली, आणि तिने संध्याकाळचं सगळं सांगितलं. शिट्टी न करता सांगितलं, म्हणून ते जास्त ऐकू आलं.

बाबांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "ती शाळेतून येताना मला नेहमी हात करते." आणि उठून गेले.

कुकरला त्या रात्री बाबांची दया आली, हे कबूल करायला हवं. पण दया आणि माघार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सकाळी उठल्यावर तिच्याकडे फक्त दयाच शिल्लक होती.

तो दिवस बुलेटिनच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस ठरला. तिला पहिल्यांदाच खरी बातमी मिळाली होती आणि ती पसरवायची अधिकृत परवानगीही. शाळा सुटल्यावर ती एका गल्लीतून आत गेली आणि तिसऱ्या गल्लीतून बाहेर आली. कुकर दुसऱ्या बाजूने फिरली. वकीलकाकांनी कसलीही सही न मागता "येतो" म्हटलं. सेक्रेटरी म्हणाले, "लिफ्टचं काढणार नाही, शपथ." चिमणीला तिच्या आईने येऊ नको म्हटलं, त्यावर ती म्हणाली, "आई, डॉक्टर तिथेच आहे. माझ्यासाठी गावातली सगळ्यांत सुरक्षित जागा तीच."

संध्याकाळी बाबा घरी आले, डबा ठेवला, बूट काढले. आई वह्या तपासत होती. कुकर खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली. हात मागे बांधून, शाळेत बक्षीस घेताना राहतात तशी.

"आई, बाबा, एक सांगायचंय. विचारायचं नाहीये, सांगायचंय. आई, मार्क शेवटी दे."

आईने पेन खाली ठेवलं.

"मी उद्या सुनावणीला जाणार. तो फुगलेला कागद मी फाडलाय. माझा एकच प्रश्न आहे, तोच विचारणार. माझ्याकडे दाखला नाही, कारण दाखला देणारे डॉक्टर तुमच्या दारावर बसलेत. म्हणून मी तपासून घ्यायला दारावर येणार. एकटी नाही येणार. वजनकाट्यावर उभ्या राहून परत गेलेल्या सगळ्या बायका येतायत. ज्यांचं बीपी तपासायचं राहिलंय ते आजोबा येतायत. वकीलकाका, सेक्रेटरी, चिमणी आणि तिची आई येतायत. सिस्टर म्हणाली, डॉक्टरसाहेब आठवडाभर तिकडे ड्युटीवर असतील तर माझे पेशंटही तिकडेच. ती वाफेचं मशीन घेऊन येतेय. दवाखान्यात पेशंट कमी आहेत ना? समितीने स्वतःच्या डोळ्यांनी मोजावेत. सगळ्यांची तपासणी होईपर्यंत आम्ही कुणी हलणार नाही, आणि मग मी आत जाऊन बोलणार. बाबा, तुम्ही दारावर असाल. मला ओळख दाखवू नका, तुमच्या साहेबांना वाईट वाटेल. पण अडवूही नका. बाकीचे येतात तशी मी येईन."

बाबांनी तोंड उघडलं.

"आणि बाबा, तुमच्या वीस खुर्च्या पुरणार नाहीत. आत्ताच फोन करून जास्तीच्या सांगा. हात असलेल्या सांगा. मावशींना उठताना धरायला लागतं."